विद्यापीठाचा सर्व्हे दारावर आला तर : मुंबई विद्यापीठाविषयी तुर्भ्याच्या घरांसाठी माहिती

तुर्भे स्टोअर किंवा इंदिरानगरच्या गल्लीत कॉलेजच्या दोन मुली हातात छापील फॉर्म घेऊन फिरताना दिसल्या की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कोणती योजना आली?" योजना नाही म्हटलं की दार बंद. काही घरांत भीतीही असते. कागदपत्रं मागतील, नाव कुठेतरी चढेल. या भीतीला कारणं आहेत, आम्ही ती हसण्यावारी नेत नाही. पण या मुली अनेकदा मुंबई विद्यापीठाच्या आजीवन अध्ययन आणि विस्तार विभागाचं काम करत असतात. 'समाजातील स्त्रियांचे स्थान' हा त्यातला जुना सर्व्हे. आजवरच्या पद्धतीप्रमाणे विद्यार्थ्याने 120 तास काम पूर्ण केलं की त्याला 10 जादा गुण मिळतात. 1969 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची, म्हणजे एनएसएसची मुलंही अशीच वस्तीत येतात.

मुलींकडे कॉलेजचं ओळखपत्र आणि पत्र बघायला मागावं, त्यात काही गैर नाही. अशा सर्व्हेला आधार नंबर, ओटीपी किंवा बँकेचा तपशील लागत नाही. कुणी मागितलाच तर द्यायचा नाही. बाकी घरात किती माणसं, बाई कमावते का, मुलीची शाळा कधी सुटली, हे खरं खरं सांगायला हरकत नसावी.

या आकड्यांचं पुढे काय होतं, ते आपल्या कौमने पाहिलेलं आहे. 2006 चा सच्चर समितीचा अहवाल जनगणना आणि नमुना पाहणीच्या आकड्यांवर उभा होता. महाराष्ट्र सरकारने 2008 मध्ये डॉ. महमूदुर्रहमान यांची समिती नेमली, तिचा अहवाल 2013 मध्ये आला. पुढच्याच वर्षी, जुलै 2014 मध्ये, मुस्लिमांना शिक्षण आणि सरकारी नोकऱ्यांत 5 टक्के आरक्षण देणारा अध्यादेश निघाला. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतलं आरक्षण थांबवलं, शिक्षणातलं राहू दिलं. नंतर अध्यादेशाचा कायदाच झाला नाही आणि तेही गेलं. म्हणजे आकडे असून हक्क मिळतोच असं नाही. पण आकडेच नसतील तर कोर्टात किंवा मंत्रालयात मांडायलाही काही उरत नाही.

आता विद्यापीठाविषयी. मुंबई विद्यापीठ 18 जुलै 1857 ला स्थापन झालं. मुंबईचे दोन जिल्हे, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे त्याचं क्षेत्र. अनेक पालकांना वाटतं की विद्यापीठ म्हणजे कलिन्याची ती मोठी जागा आणि वाशीचं कॉलेज म्हणजे वेगळंच काही. तसं नाही. वाशीच्या कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेजात शिकणारी मुलगी मुंबई विद्यापीठाचीच विद्यार्थिनी. कॉलेज स्वायत्त असलं, म्हणजे परीक्षा स्वतः घेत असलं, तरी डिग्रीवर नाव विद्यापीठाचंच. कलिन्याला एम.ए., एम.एस्सी.चे विभाग आहेत. त्यांत उर्दू, अरबी आणि फारसीचेही आहेत, हे उर्दू माध्यमाच्या मुलांनाही आम्हाला दर वेळी नव्याने सांगावं लागतं. तुर्भ्याहून सानपाडा किंवा वाशी, तिथून हार्बरने कुर्ला आणि पुढे बस किंवा रिक्षा, एवढाच रस्ता. ठाण्याचं उपकेंद्र बाळकूमला आहे.

ज्या मुलीला रोज जाणं शक्य नाही, तिच्यासाठी विद्यापीठाचं दूरशिक्षण 1971 पासून चालू आहे. लोक त्याला अजून 'आयडॉल' म्हणतात, आता नाव दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र असं आहे. मराठीतून शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, उर्दूतून शिकायचं तर 1998 मध्ये स्थापन झालेलं हैदराबादचं मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ. बारावीनंतर घरी बसलेल्या मुलीच्या वालिदैनला आम्ही हे तीन पर्याय आधी सांगतो.

फीचं एक लक्षात ठेवा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे व्यावसायिक अभ्यासक्रमांत रीतसर प्रवेश मिळालेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी अशा बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. यादीत नसलेल्यांना ईडब्ल्यूएसचा दाखला काढता येतो, तुर्भ्यासाठी तहसील ठाणे. दाखल्यासाठी निकालाची वाट पाहू नका. जूनमध्ये तिथली रांग ज्यांनी पाहिली, त्यांना जास्त सांगायला नको.

संशोधनाची गोष्ट आपल्या घरांत फारशी निघत नाही. पीएच.डी. म्हणजे म्हातारपणीचा शौक, असं एका पालकाने आम्हाला तोंडावर ऐकवलं होतं. पण 'शोधगंगा' नावाचं संकेतस्थळ एकदा उघडून बघा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्रातर्फे ते चालतं. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे फुकट वाचता येतात, इंग्रजीच नव्हे, मराठी आणि उर्दूतलेही. आपल्या मोहल्ल्यांवर, मदरशांवर, मुस्लिम बायकांच्या कामावर लोकांनी काय काय लिहिलंय, ते शोधता येतं. आम्ही दहावीच्या वर्गाला हे दाखवलं तेव्हा एका मुलाने लगेच विचारलं, "सर, हे लिहायचे पैसे मिळतात का?"

मिळतात. नेट परीक्षेत जेआरएफ मिळाली तर 1 जानेवारी 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये. जून 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही चालतात. उर्दू, मराठी, अरबी हे नेटचे विषय आहेत. चार वर्षांची डिग्री 75 टक्क्यांनी पूर्ण केलेला मुलगा एम.ए. न करताही पीएच.डी.ला अर्ज करू शकतो, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला त्यात 5 टक्क्यांची सवलत आहे. अल्पसंख्याकांसाठी 2009 पासून असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप मात्र केंद्र सरकारने 2022-23 पासून बंद केली. तो मोठा फटका होता, कारण ती खास आपल्या मुलांसाठी होती. राज्याने 2024 मध्ये बार्टी, सारथीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी 'मार्टी' ही संस्था मंजूर केली आहे. तिच्या जाहिरातींवर लक्ष ठेवायला हवं.

शेवटचा मुद्दा ज्यांच्या घरात पदवीधर आहेत त्यांच्यासाठी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा 2016 प्रमाणे सिनेटवर 10 सदस्य नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायचे असतात. त्यांतल्या 5 जागा राखीव, एक महिलांसाठी आणि एक ओबीसींसाठी धरून. विद्यापीठाचं बजेट सिनेटपुढे येतं, निकालाच्या उशिरावर तिथे प्रश्न विचारता येतो. मागची निवडणूक सप्टेंबर 2024 मध्ये झाली. कोकण पदवीधर मतदारसंघाची यादी वेगळी आणि ही वेगळी. त्या यादीत नाव असलं तरी विद्यापीठाच्या यादीत स्वतंत्र नोंदणी करावी लागते. आमच्या ओळखीच्या डझनभर पदवीधरांना विचारलं, त्यातल्या दोघांनीच ती केलेली निघाली. आमच्यातल्याही एकाची राहिली होती.