गावगाडा, सायकल आणि पान्यांची पेटी

यंत्राचा इतिहास लिहिताना आपल्याकडे दोघांचीच दखल घेण्याची रीत आहे. एक ते निर्माण करणारा आणि दुसरा ते वापरणारा. या दोघांच्या मध्ये बसलेला, हाताला ग्रीस माखलेला तिसरा माणूस आणि त्याच्यासमोरची अवजारांची पेटी इतिहासात क्वचितच डोकावते. सायकलीच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते, कारण सायकल एकदाच विकत घेतली जाते, दुरुस्त मात्र ती आयुष्यभर होत राहते. जालना जिल्ह्यातील एखाद्या गावात सर्वांसाठी खुले असे सायकल-दुरुस्ती केंद्र उभारावयाचे झाल्यास तेथे कोणती अवजारे व कोणते सामान असावे, हा प्रश्न वरवर पाहता तांत्रिक वाटतो. आमच्या मते तो आधी ऐतिहासिक आहे. चाक कोणाचे, हे आपण विचारतो. ते दुरुस्त करण्याचे अवजार कोणाचे, हेही विचारावयास हवे.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाला ‘गाव-गाडा’ हे नाव दिले. रूपक अन्वर्थक होते. बैलगाडीचे चाक सुताराने घडवावे, त्यावर लोखंडी धाव लोहाराने चढवावी आणि सुगीच्या वेळी खळ्यावर दोघांनी आपले बलुते न्यावे, अशी ती व्यवस्था. वाकस, पटाशी, भाता, ऐरण ही हत्यारे कारागिराच्या घरी असत आणि जातीबरोबरच वारशाने पुढच्या पिढीकडे जात. ही रचना अन्यायमूलक होती, याविषयी दुमत नसावे. तथापि तिच्यात एक गोष्ट निश्चित होती: मोडलेले चाक कोणाच्या दारी न्यावयाचे, हे गाडीवाल्याला शोधावे लागत नसे.

सायकल आली ती या व्यवस्थेच्या बाहेरून. इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची सारख्या चाकांची ‘रोव्हर’ १८८५ मध्ये आली आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. मराठी मुलखात या वाहनाचा एक महत्त्वाचा आरंभ बेळगावात झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असत. ते मुंबईहून सायकली पाठवीत आणि बंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकत व लोकांना चालवावयास शिकवीत. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला प्रारंभ १८८८ पासून मोजतो. पुढे लोखंडी नांगर निघाला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. या कथेत उद्यमशीलतेचा गौरव बहुधा केला जातो. आम्हांस तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते: परदेशी यंत्र उघडून पाहण्याची मोकळीक आणि ते उघडण्याची साधने एकाच छपराखाली आली, म्हणून हा पुढचा प्रवास शक्य झाला.

जालन्याची परिस्थिती निराळी होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गोदावरी खोऱ्याची रेल्वे येथे आली, पण ती मीटर गेज होती. मुंबईकडून ब्रॉडगेजने आलेला माल मनमाडला उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे. हे मापांतर १९९० च्या दशकात रूळ बदलले तेव्हा संपले. नाणेही वेगळे होते. संस्थानात हाली रुपया चाले, बाहेर कलदार. सहा कलदारांना साधारण सात हाली द्यावे लागत. सायकलीचा सुटा भाग बाहेरून आणावयाचा म्हणजे गेजही ओलांडावयाचे आणि नाणेही.

अशा ठिकाणी सायकल दुरुस्त करणारा माणूस सर्वार्थाने नवा होता. बारा बलुतेदारांच्या यादीत त्याला स्थान नव्हते. तो खळ्यावर जात नसे, रोख पैसे घेई. हे काम कोणत्याही एका जातीचे वंशपरंपरागत वतन नव्हते. ज्याच्याकडे पाना आणि पंप, तो सायकलवाला. मराठवाड्यातील लहान गावांत हा धंदा अनेकदा मुस्लिम कारागिरांनी आणि भूमिहीन घरांतील तरुणांनी केला. सायकली तासाच्या भाड्याने देण्याची पद्धतही याच दुकानांनी रुजविली. गावगाड्याच्या चाकाने ज्यांना नुसते चालावयास लावले, त्यांपैकी काहींच्या हाती प्रथमच चाकाची विद्या आली. हे परिवर्तन लहान म्हणता येणार नाही. त्याला मर्यादा मात्र होती. अवजारे दुकानदाराची खाजगी मालमत्ता होती, आणि त्या दुकानाच्या पायरीवर स्त्रीचा हात पान्यापर्यंत पोहोचत नव्हता.

या अवजारांच्या मापांतही इतिहास साठलेला आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये नट-बोल्टांच्या आट्यांचे प्रमाणीकरण सुचविले आणि इंग्रजी सायकल इंचांच्या त्या जगात घडली. भारतात दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा. दुकानात किलो आले, कापडाला मीटर आले. सायकल मात्र इंचातच राहिली. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, हे सुतार-लोहारांचे जुने माप सायकलीला अजून लागू पडते. साध्या काळ्या सायकलीच्या मागच्या हबचे छर्रे दोन सुताचे, पुढच्या हबचे दीड सुताचे. चेनच्या दोन खिळ्यांतील अंतर चार सूत, आणि आजच्या गिअरच्या सायकलीतही ते तेवढेच आहे. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मद्रासजवळ टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाला हीरो असे कारखाने निघाले आणि देशी सुटे भाग गावोगाव पोहोचले. ॲटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२०, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला. कारखाना बंद पडला तरी त्याच्या सायकली रस्त्यावर आहेतच. त्या चालत्या ठेवण्याचा भार आता सर्वस्वी दुरुस्तीवर आहे.

जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. २००६ मध्ये राज्यातील अतिमागास अशा १२ जिल्ह्यांसाठी मानव विकास मिशन सुरू झाले, त्यांत जालना होता. पुढे या कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळू लागल्या. अशा सायकलीचे मोल किती, हे बिहारच्या अनुभवावरून कळते. तेथे २००६ मध्ये सुरू झालेल्या योजनेचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन व निशिथ प्रकाश यांनी केला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले. तमिळनाडूतील पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ पासून साक्षरता चळवळीने सायकल शिकणे हा अक्षरओळखीचाच भाग मानला आणि हजारो ग्रामीण स्त्रिया सायकलीवर बसल्या. पी. साईनाथ यांच्या लेखनामुळे ती हकिकत सर्वदूर पोहोचली.

ज्या सायकलीमुळे मुलगी शाळेत जाते, ती बंद पडली की शाळाही बंद पडू शकते. बाभळीचा एक काटा, उन्हाने तडकलेली वॉल ट्यूब, पावसाळ्यात मडगार्डमध्ये ठासून भरलेली काळी माती. कारणे क्षुल्लक असतात. दुरुस्तीचे दुकान तालुक्याच्या गावी असेल, तर सायकल घराच्या भिंतीला टेकून राहते, आणि नववीतल्या मुलीचे शिक्षण थांबवावयास एवढे निमित्त काही घरांना पुरते. सायकल देताना आपण चाक दिले; अवजार दिले नाही.

म्हणून आता पेटीकडे वळू. पायाचा पंप, टायर उतरविण्याच्या तीन पट्ट्या, पाण्याचे घमेले, कानस, पक्कड आणि लहान-मोठे पाने ही पहिली गरज. त्यानंतर कोनसाठी पातळ पाने, आणि तेही दोन. कारण एकाने कोन धरून दुसऱ्याने नट आवळावा लागतो. चाकाचा आउट काढण्यासाठी तारांच्या निपलची चावी, फ्रीव्हील उघडण्याचे दातांचे अवजार आणि बाकावर पक्का बसविलेला व्हाइस. कॉटर पिन काढण्यासाठी हातोडी पुरत नाही. क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू लागतो, नाहीतर घाव छर्‍यांवर बसतो. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे. हे सर्व एकदा घेतले की वर्षानुवर्षे टिकते.

संपते ते सामान: ठिगळे, सोल्युशन, वॉल ट्यूब, छर्रे, कॉटर पिना, ब्रेकचे रबर, ग्रीस, धुण्यासाठी रॉकेल. उघडलेले सोल्युशन आमच्याकडच्या उन्हाळ्यात लवकर सुकते, तेव्हा मोठ्या डब्याऐवजी लहान ट्यूबा घ्याव्यात. देणगीतून पाने येतात, सोल्युशन येत नाही. ते महिन्याच्या महिन्याला घ्यावे लागते. यास्तव प्रत्येक दुरुस्तीमागे लहानशी रक्कम आणि तिची वही असावी. गावात सायकलवाला असेल तर त्याला डावलू नये; शिकविणारा म्हणून मानधन देऊन त्यालाच बोलवावे, कारण वहीत न मावणारी विद्या त्याच्या हातात आहे.

एक बाब उरते, ती पेटीच्या किल्लीची. बलुत्याच्या काळात हत्यारे जातीकडे होती, सायकलवाल्याच्या काळात दुकानाकडे. शाळेतील पेटीची किल्ली कार्यालयाच्या कपाटात गेली, तर अवजारे नवीच्या नवी राहतील आणि सायकली भिंतीला टेकून राहतील. ती आठवी ते बारावीच्या मुलींकडे, वर्गवार पाळीने असावी, असे आमचे मत आहे. त्यांत एखादा पाना हरवेल, एखाद्या नटाचे आटे जातील. तेवढा खर्च वहीत आधीच धरून ठेवावा.