उतुआदोच्या रांगेत या

चपला नकोत, जाड बूट घाला. चिखल घोट्याच्या वर येतो. आपण उतरतोय प्वेर्तो रिकोच्या डोंगरात, उतुआदो गावाजवळ. साल 2017, महिना ऑक्टोबर. मारिया चक्रीवादळ 20 सप्टेंबरला येऊन गेलं, त्या दिवशी सगळ्या बेटाची वीज गेली. इथं ती अजून आलेली नाही.

पहिल्यांदा अंगावर येतं ते ऊन. एरवी हे डोंगर हिरवेगार, पण आता झाडांवर पान म्हणून राहिलेलं नाही. वाऱ्यानं सगळं ओरबाडून नेलंय. उभं राहायला सावली शोधाल तर मिळायची नाही. कुजलेल्या केळीचा आंबूस वास नाकात बसतो आणि त्यावर डिझेलचा धूर. आळीत एकाच घरी जनरेटर आहे. त्याला इथं ‘प्लांता’ म्हणतात. त्याच्या धडधडीत, घामानं चिकटलेल्या अंगानं, कानाशी गुणगुणणारे डास हाकलत तुम्हाला रात्र काढायची आहे.

नदीवर चला. रिओ आबाहो वस्तीचा पूल वाहून गेलाय. लोकांनी दोन्ही काठांमध्ये तार ओढली आणि सुपरमार्केटातली सामानाची ढकलगाडी तिला टांगली. पाण्याच्या बाटल्या, डबे, औषधं सगळं तिच्यातूनच पलीकडे जातं. बघत काय राहिलात, दोर धरा! ओढा! तळहात सोलवटतात, गाडी मध्यावर हेलकावते, दोन्हीकडून आरडाओरडा होतो आणि सामान सुखरूप पोचलं की टाळ्या. वस्तीनं स्वतःचं नाव ठेवलंय ‘विसरलेल्यांची छावणी’.

आता बर्फाची रांग. पहाटेच उभं राहायचं. बर्फ सरबतासाठी नाही बरं का, इन्सुलिन गार राहायला हवं म्हणून. रोख पैसे आणलेत ना? कार्डाची यंत्रं बंद आहेत आणि एटीएमची रांग याहून लांब आहे. मागच्या बाई ‘मी आमोर’, म्हणजे ‘माझ्या जिवा’, म्हणत तुमच्या हातावर बिस्किट ठेवतात. रांगेत बोलायला वेळच वेळ असतो. फेमाकडे, म्हणजे अमेरिकी सरकारच्या आपत्ती खात्याकडे, मदतीचा अर्ज करायचा तर फोन किंवा इंटरनेट लागतं. म्हणून माणसं सिग्नल सापडेल तिथं हमरस्त्याच्या कडेला गाड्या लावून फोन उंच धरून उभी असतात. अर्ज गेलाच, तर पुढचा प्रश्न: घराचा कागद दाखवा. अहो, घर आजोबांनी बांधलं, काकांनी वाढवलं, सगळी आळी साक्षीला आहे. इथल्या कायद्यात घराची नोंदणी सक्तीची नाही. तरीही मालकी सिद्ध होत नाही म्हणून हजारो अर्ज फेटाळले गेले.

आणि प्वेर्तो रिको अमेरिकेचं राज्य नसलं तरी हे सगळे अमेरिकेचे नागरिक आहेत! 1917 पासून. आपत्तीच्या कायद्यातही प्वेर्तो रिकोला राज्यासारखंच धरलंय. पण मदत त्या एका कायद्यावर भागत नाही. बाईंच्या पाकिटातलं धान्याचं कार्ड बघा. टेक्सासला हार्वी वादळ आलं, फ्लोरिडाला इर्मा, तेव्हा तिथं काही आठवड्यांत आपत्तीची जादा अन्नमदत सुरू झाली, कारण राज्यांच्या योजनेत ती तरतूदच आहे. प्वेर्तो रिको त्या योजनेत नाही. 1982 पासून त्याला वर्षाला ठरलेली एक रक्कम मिळते, तेवढ्यातच भागवायचं. वादळ आलं म्हणून ती आपोआप वाढत नाही. वाढवायची तर वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसनं वेगळी मंजुरी द्यायची. तिथं टेक्सासचे दोन सिनेटर आणि 36 प्रतिनिधी बसतात. तेहतीस लाखांच्या या बेटाचा एकच प्रतिनिधी, आणि विधेयक मंजूर होताना त्याला मत नाही. राष्ट्राध्यक्ष निवडतानाही बेटावरच्या कुणाला मत नाही. बेट दूर आहे, मध्ये समुद्र आहे, हे खरंच. रस्ते खचलेत, सान हुआनच्या बंदरात हजारो कंटेनर अडकलेत आणि ट्रकला ना चालक, ना डिझेल. पण कार्डावर पैसे चढवायला जहाज लागत नाही. मला संताप येतो तो इथं.

रांग दोन पावलं सरकते. पुढच्या म्हाताऱ्यांना धाप लागलीय, त्यांना टेकायला खोकं द्या. त्यांचं श्वासाचं यंत्र घरी विजेवाचून पडून आहे. अशी माणसं आत्ता, या आठवड्यांत मरताहेत. सरकारी यादीत मात्र मृतांचा आकडा जवळजवळ वर्षभर 64 च्या वर जाणार नाही. नंतर जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासातून 2,975 हा अंदाज निघेल आणि तोच सरकारी आकडा होईल.

बाईंच्या कार्डावर वाढीव रक्कम पडायला 2018 चा मार्च उजाडेल. मांस, फळं, भाजी पुन्हा पिशवीत येईल. वर्षभरानं, 2019 च्या मार्चमध्ये, तो निधी आटेल आणि रक्कम खाली येईल. नवा निधी काँग्रेसमध्ये भांडणात अडकेल, जूनमध्ये मंजूर होईल. तोवर बाई महिन्याचा बाजार पुन्हा तांदूळ आणि घेवड्यावर आणतील.