इंग्रजी वाक्याची आकृती : एका अध्यापनपद्धतीचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकन शाळांतून इंग्रजी व्याकरण शिकविले जाई ते मुख्यतः लॅटिनच्या वळणावर. विद्यार्थी एकेका शब्दाचे व्याकरण चालवीत आणि लिंग, वचन, विभक्ती तोंडपाठ म्हणून दाखवीत. परंतु ज्या भाषेत नामाचे कर्तृरूप व कर्मरूप एकच, तेथे विभक्तीचे नाव घेतल्याने पदांचा संबंध उमगतोच असे नाही. ही उणीव जाणून स्टीफन वॉटकिन्स क्लार्क या न्यूयॉर्क राज्यातील शिक्षकाने १८४७ साली आपल्या व्याकरणात एकमेकांस जोडलेल्या लंबगोलांत शब्द मांडून दाखविले. पुढे ब्रुकलिनच्या अलोंझो रीड व ब्रेनर्ड केलॉग या अध्यापकांनी 'हायर लेसन्स इन इंग्लिश' (१८७७) या ग्रंथात लंबगोलांऐवजी रेषा योजिल्या आणि तीच पद्धत रूढ झाली.

तीत एका आडव्या रेषेवर उद्देश्य व विधेय येतात. त्यांमधील उभी रेघ आडवीस छेदून खाली जाते, कर्मापूर्वीची रेघ आडवीवरच थांबते, पूरकापूर्वीची तिरकस असते; विशेषणे व क्रियाविशेषणे खाली लोंबतात. 'ही कॉल्ड हर अ डॉक्टर' हे वाक्य घ्यावे. त्याने तिला डॉक्टर म्हटले, की तिच्यासाठी डॉक्टर बोलाविला? पहिल्या अर्थी 'हर' हे कर्म व 'डॉक्टर' हे पूरक, म्हणून दोन्ही मुख्य रेषेवर. दुसऱ्या अर्थी 'डॉक्टर' हे कर्म होऊन 'हर' क्रियापदाखाली जाते. अर्थनिश्चय केल्यावाचून आकृती पुरी होत नाही, हेच या पद्धतीचे मर्म होय.

तिच्या मर्यादाही उघड आहेत. इंग्रजीत पदक्रमच संबंध सांगतो. आकृती तो क्रमच मोडते, त्यामुळे विधान व प्रश्न यांची मांडणी एकच होते. शिवाय उद्देश्य-विधेय हा मूळ छेद तिने गृहीतच धरला आहे. ल्यूसियाँ तेनिएर यांच्या मृत्यूनंतर १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातील आकृतीत क्रियापद शिरोभागी असून कर्ता व कर्म दोन्ही त्याच्या अधीन आहेत. शाब्दबोधात धात्वर्थ प्रधान मानणारे वैयाकरण आणि प्रथमान्तार्थ प्रधान मानणारे नैयायिक यांचा वाद येथे सहज आठवतो.

अमेरिकेतील इंग्रजी अध्यापकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाने, औपचारिक व्याकरणाने लेखन सुधारत नाही, उलट लेखनाच्या सरावाचा वेळ मात्र जातो, असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष लेखनापुरता मान्य करावा. आकृतीची कसोटी मात्र निराळी आहे : वाचलेल्या वाक्याचा आपण कोणता अर्थ घेतला, हे ती वाचकास स्वतःपाशी कबूल करावयास लावते.