डबल पार्किंग आणि लोडिंग झोन : टेम्पोने थांबायचे कुठे?

रस्त्याच्या कडेला एक गाडी आधीच उभी आहे आणि तिला खेटून, रस्त्याच्या मधल्या बाजूला, दुसरी गाडी उभी केली, तर त्याला डबल पार्किंग म्हणतात. कडेची गाडी अडकते ते वेगळेच, पण खरा फटका बसतो तो मागून येणाऱ्या सगळ्यांना. लोडिंग झोन म्हणजे रस्त्याच्या कडेचा, पट्टे मारून आणि बोर्ड लावून राखून ठेवलेला तुकडा. तिथे ठरलेल्या वेळेत फक्त माल चढवणारी-उतरवणारी गाडीच थांबू शकते. या दोन गोष्टी एकत्र घेतल्याशिवाय आपल्या मोहल्ल्यातली ट्रॅफिक समजत नाही, म्हणून हा लेख.

आम्ही उदाहरण घेतो ते मुंबईच्या मोहम्मद अली रोडचे आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांचे. क्रॉफर्ड मार्केटपासून जे. जे. रुग्णालयाच्या दिशेने जाणाऱ्या या रस्त्यावर २००२ साली उड्डाणपूल सुरू झाला. त्याला मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे. पुढे जाणारी वाहतूक वरून निघून गेली, पण बाजार खालीच राहिला. नागदेवी स्ट्रीटला हत्यारे आणि मशिनरीचे सामान, अब्दुल रेहमान स्ट्रीटला स्टेशनरी, लोहार चाळीत इलेक्ट्रिकचा माल, मस्जिद बंदरला सुका मेवा आणि मसाले. भाजी-फळे आणि धान्याचे घाऊक बाजार वाशीला हलले, तरी हा व्यापार इथेच आहे. माल येतो भिवंडीकडच्या गोदामांतून, तो येतो टेम्पोने किंवा छोट्या हत्तीने, आणि दुकानाच्या दारात पोहोचतो हातगाडीवरून किंवा हमालाच्या डोक्यावरून. दुकाने जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर. या इमारती बांधल्या तेव्हा टेम्पो नावाची चीजच नव्हती. मोठ्या व्यापारी इमारतीत मालाच्या गाड्यांसाठी वेगळी जागा ठेवण्याची अट मुंबईच्या बांधकाम नियमांत पुष्कळ नंतर आली, ती या इमारतींना लागणार कशी?

आता थोडे गणित करू, शाळेत फळ्यावर करतो तसे. समजा गल्ली ७ मीटर रुंद आहे. दोन्ही कडांना एकेक कार उभी आहे, प्रत्येकी पावणेदोन मीटर. गेले साडेतीन मीटर. उरले साडेतीन. त्यात दीड मीटर रुंदीचा छोटा हत्ती कारला खेटून उभा राहिला. उरले दोन मीटर, तेही कुणी दार उघडले नाही आणि बाजूला हातगाडी नाही असे धरून. स्कूटर जाईल. ॲम्ब्युलन्सवाला आरसे मिटून, श्वास रोखून प्रयत्न करील. अग्निशमन दलाची मोठी गाडी अडीच मीटरच्या आसपास असते, ती जाणारच नाही. लाकडी जिने आणि वर कोंबलेला माल असलेल्या इमारतींच्या गल्लीत याचा अर्थ काय, हे इथे राहणाऱ्या घरांना समजावून सांगायला नको.

यातली गंमत अशी की टेम्पोवर सगळे ओरडतात, पण वरच्या हिशोबात सात मीटरपैकी साडेतीन मीटर घेतले ते दोन कारनी. टेम्पो वीस मिनिटांत जातो. कार सकाळी लावली की संध्याकाळपर्यंत हलत नाही, आणि बऱ्याचदा ती दुकानदाराचीच असते.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२२ प्रमाणे सार्वजनिक जागी इतरांना धोका, अडथळा किंवा अवाजवी गैरसोय होईल अशी गाडी उभी ठेवता येत नाही. उभ्या गाडीच्या शेजारी गाडी लावू नये, असे १९८९ च्या रस्ता नियमांत स्पष्टच लिहिले होते. त्यांच्या जागी २०१७ मध्ये नवे विनियम आले. मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलून नेण्याचा अधिकार कलम १२७ देते आणि त्याचा खर्च मालकाकडून घेतला जातो. दंडाचे सर्वसाधारण कलम १७७ : २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ५०० रुपये, पुन्हा केल्यास १,५०० रुपयांपर्यंत. ॲम्ब्युलन्स किंवा अग्निशमन दलाच्या गाडीला वाट न देण्यासाठी तर कलम १९४ ई आहे. त्यात १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

पण त्याच कायद्यात कलम ११७ सुद्धा आहे, त्याची चर्चा फारशी होत नाही. राज्य सरकार किंवा त्याने नेमलेले अधिकारी, स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून, गाड्या कुठे आणि किती वेळ उभ्या राहू शकतात हे ठरवू शकतात. म्हणजे नुसते ‘इथे थांबू नका’ नव्हे, तर ‘इथे थांबा’ हेही सांगण्याची सोय कायद्यात आहे. आमच्या मते अडचण इथेच आहे. टेम्पोवाल्याला थांबण्याची एकही कायदेशीर जागा नसेल तर ई-चलान म्हणजे त्याच्यासाठी धंद्याचा खर्च, डिझेलसारखाच. तो खर्च भाड्यात जातो, भाडे मालाच्या किमतीत, आणि टेम्पो दुसऱ्या दिवशी तिथेच उभा.

इतर शहरांनी ही जागा रस्त्यातच शोधली. लंडनमध्ये फुटपाथच्या कडेवर पिवळ्या खुणा असतात. माल उतरवायला तिथे मनाई केव्हा आहे ते त्या खुणा आणि जवळचा बोर्ड सांगतात. पॅरिसमध्ये पिवळ्या पट्ट्यांच्या डिलिव्हरीच्या जागा आहेत, आणि त्यांतल्या अनेक जागा रात्री व रविवारी इतर गाड्यांनाही मोकळ्या केल्या जातात. न्यूयॉर्कचा नियम आणखी वेगळा. तिथे मालाच्या गाडीला झटपट चढ-उतार करण्यापुरते डबल पार्किंग चालते, पण १०० फुटांच्या आत मोकळी जागा किंवा लोडिंग झोन नसेल तरच. मॅनहॅटनच्या गजबजलेल्या मधल्या भागात दिवसा तीही सूट नाही. आपल्या गल्ल्यांना पॅरिसची पद्धत जास्त जुळेल असे आम्हाला वाटते, कारण इथे खाली दुकान आणि वर घर आहे. दिवसा जागा व्यापाराची, रात्री रहिवाशांची.

एक झोन किती कामाचा असतो तेही बघा. एका कारच्या जागेत आठ तास एकच कार उभी राहते. त्याच आठ तासांत वीस-वीस मिनिटांचे चोवीस टेम्पो रिकामे होऊ शकतात. प्रत्यक्षात निम्मे झाले तरी बारा. मात्र झोन गल्लीच्या तोंडाशी हवा, तिथून पुढे हातगाडी. फार लांब ठेवला तर हमालाचा फेरा वाढतो, मजुरी वाढते, आणि मग टेम्पो पुन्हा दुकानासमोरच येतो. शाळा सुटायच्या वेळी झोन बंद ठेवावा. आणि दिवसभर नजर ठेवणारे कुणी नसेल, तर रंगवलेल्या चौकोनात तासाभरात कुणाची तरी बाईक लागलेली दिसेल.

अशी जागा मागायची असेल तर अर्ज दोन ठिकाणी द्यावा लागतो : वाहतूक पोलिसांच्या विभागीय चौकीत आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. मस्जिद बंदर, डोंगरीसाठी तो ‘बी’ वॉर्ड. मनाई किंवा परवानगीची अधिसूचना पोलीस काढतात, पट्टे मारण्याचे काम पालिकेचे. एकट्या दुकानदाराच्या अर्जाला वजन नसते. गल्लीतले व्यापारी, वरचे रहिवासी आणि मस्जिदचे ट्रस्टी यांनी मिळून द्यावा. आधी तीन-चार दिवस कुणीतरी वही घेऊन बसावे : किती वाजता किती टेम्पो आले, प्रत्येक किती मिनिटे थांबला, कडेला किती कार दिवसभर उभ्या होत्या. दहावी-बारावीची मुले हे काम छान करतात. रस्त्याची रुंदी टेपने मोजून लिहावी, फोटो जोडावेत. पोहोच घेतल्याशिवाय अर्ज सोडू नये.

ट्रस्टींना यात घेण्याचे कारण साधे आहे. जुम्याला नमाजच्या वेळेत मस्जिदसमोर बाईकच्या दोन-दोन रांगा लागतात, आणि त्या वेळी माल उतरवणे तसेही जमत नाही. तेव्हा शुक्रवारी दुपारचे दोन तास झोनमधून वगळलेले बरे. रमजानमध्ये वेळापत्रकच बदलते. अस्रनंतर फळांच्या आणि खाण्याच्या गाड्या लागतात, तरावीहनंतर रात्री उशिरापर्यंत गर्दी असते, सकाळी मात्र रस्ता रिकामा असतो. त्या महिन्यासाठी झोनची वेळ सकाळी सात ते दुपारी बारा ठेवावी, अशी मागणी त्याच अर्जात वेगळ्या परिच्छेदात लिहून द्यावी.