पवनीची शिळा आणि मुलांचे वाचन

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी हे प्राचीन गाव वसलेले आहे. १९६९-७० साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण व नागपूर विद्यापीठ यांनी तेथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव व श्री. जगत्पती जोशी या संशोधकांच्या देखरेखीखाली जगन्नाथ टेकडीतून इसवी सनापूर्वीचा बौद्ध स्तूप उजेडात आला. तेथील एका स्तंभावर फणा उभारलेला नाग कोरलेला असून सोबत ब्राह्मी लिपीत त्याचे नाव आहे : मुचरिंद नाग. भर पावसात बुद्धांवर ज्याने फण्यांचे छत्र धरले, तोच हा नाग. चित्र आणि त्यालगत शब्द. आपल्या मुलांच्या अंकलिपीचीच ही रीत नव्हे काय?

पुढे ब्राह्मी लिपी विस्मरणात गेली. कित्येक शतके लोक अशा शिळा पाहत होते, पण त्या वाचू शकत नव्हते. हे कोडे १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप यांनी सोडवले. सांची येथील अनेक छोटे लेख एकाच अक्षरजोडीने संपतात, हे त्यांच्या ध्यानी आले. स्तूपाच्या कठड्यावर भाविक काय बरे लिहितील, असा विचार करता ‘दान’ हा शब्द त्यांना सुचला. ‘द’ आणि ‘न’ हाती लागले आणि उरलेल्या अक्षरांची वाट मोकळी झाली. प्रिन्सेप यांनी आधी अर्थाचा माग घेतला, अक्षरे मागाहून उलगडली. आकलन म्हणतात ते हेच.

आपल्या वाचकांना फादर थॉमस स्टीफन्स परके नाहीत. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा भाविकांपर्यंतही ते पोहोचले, कारण एकाने वाचावे आणि सर्वांनी ऐकावे, अशी त्याची रीत होती. श्रवण हे वाचनाचे पहिले दार होय, ही गोष्ट त्या काळच्या मंडळींनी ओळखली होती.

आज मात्र आमची मुले धडा घडाघडा वाचतात, आणि खालचा प्रश्न आला की गप्प बसतात. २००५ पासून निघणाऱ्या ‘असर’ अहवालांत ही उणीव आकड्यांनी दिसते. २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा उताराही वाचता आला नाही. ज्यांना वाचता येते, त्यांनाही अर्थ उमगतोच असे नाही. पुढे शिष्यवृत्ती परीक्षेत उताऱ्यावरील प्रश्न समोर येतात, तेव्हा केवळ पाठांतर कामी येत नाही.

यावर घरात करण्याजोगे उपाय साधेच आहेत. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे मोठ्यांनी वाचावे व मुलांनी ऐकावे. दुसऱ्या दिवशी मुलाने वाचावे व आजी-आजोबांनी ऐकावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. असे एखादे मासिक घरी येत राहावे. वाचून झाल्यावर ‘काय घडले?’ एवढ्यावरच न थांबता ‘असे का घडले असेल?’ हेही विचारावे. अनोळखी शब्द आला तर अर्थ लगेच सांगू नये. प्रिन्सेप यांच्याप्रमाणे मागच्या-पुढच्या शब्दांवरून मुलाला तर्क करू द्यावा.

परीक्षेची तयारीही याच मार्गाने व्हावी. मुलाने आधी प्रश्न वाचावेत, मग उतारा सावकाश वाचावा, उत्तराचा आधार असलेल्या वाक्याखाली रेघ ओढावी आणि उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहावे. उत्तर चुकले तर रागावण्याऐवजी ‘हे तुला कोठे दिसले?’ असे विचारावे. उताऱ्याकडे परत जाण्याची सवय त्यातूनच लागते.

हे सारे शाळेवर सोपवून आई-वडिलांना मोकळे होता येणार नाही. पवनीच्या शिळेवर शब्द दोन हजार वर्षे शाबूत होता; तो समजून घेणारा वाचकच तेवढा उरला नव्हता. आमच्या घरांतील पुस्तकांच्या वाट्याला तसे दिवस येऊ नयेत.