भरवशाच्या मुली

पुण्यातल्या एका मराठी शाळेत मी एकवीस वर्षे गाईड कॅप्टन होते. आठवडाभर वर्गात इतिहास शिकवायचा आणि शनिवारी शाळा सुटल्यावर मैदानावर मुलींना दोरीच्या गाठी शिकवायच्या. या वर्षांत एक प्रसंग न चुकता घडायचा. शिबिराचे संमतिपत्र घरी गेले, की दोन दिवसांत कुणाचे तरी वडील शाळेच्या फाटकाशी उभे असायचे. "बाई, सकाळी नेऊन संध्याकाळी आणणार असाल तर आमचं काही म्हणणं नाही. पण रात्रीचा मुक्काम? मुलीची जात आहे. उद्या काही कमीजास्त झालं तर अब्रू कोणाची जाणार?" माझी उत्तरे ठरलेली असत. बरोबर चार शिक्षिका आहेत, जागेला कुंपण आहे, आधी मी स्वतः पाहून आले आहे. पण त्यांच्या प्रश्नातला ‘अब्रू’ हा शब्द मला टोचत राहायचा. कारण ज्या चळवळीचा स्कार्फ मी गळ्यात बांधत होते, तिचा मूळ इंग्रजी नियमांतला पहिलाच नियम याच शब्दाबद्दल होता. गाईडची अब्रू कशात आहे? तिच्यावर विश्वास ठेवता येतो, यात. आज आपण त्याचे मराठी ‘गाईड विश्वसनीय असते’ असे करतो. अर्थ बरोबर आहे, पण मूळ शब्दाचे वजन त्यात उतरलेले नाही.

निवृत्तीनंतर हाती वेळ आला तेव्हा मी या एका शब्दाचा माग काढायचे ठरवले. मुलीला मान द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाला या चळवळीने वेळोवेळी दिलेली उत्तरे मला पाहायची होती.

गोष्ट इंग्लंडमध्ये सुरू होते आणि ती आगंतुक मुलींची गोष्ट आहे. १९०७ साली रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर मुलग्यांचे पहिले शिबिर भरवले. पुढच्या वर्षी त्यांचे ‘स्काउटिंग फॉर बॉईज’ आले. पुस्तकाच्या नावातच ‘बॉईज’ असले तरी ते घरातल्या बहिणींच्या हाती पडायचे थोडेच राहते! त्यांनी आपापल्या तुकड्या काढल्या. काही जणींनी नावाची फक्त आद्याक्षरे लिहून मुख्यालयात नोंदणीही करून घेतली, म्हणजे अर्ज वाचणाऱ्याला मुलगा की मुलगी हे कळू नये. ४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये दहा हजारांहून अधिक स्काउटांचा मेळावा भरला, तेव्हा त्या गर्दीत हॅट घालून, हातात काठ्या घेऊन मुलीही हजर झाल्या. त्यांना आमंत्रण नव्हते.

वर्तमानपत्रांनी नाके मुरडली. रानोमाळ भटकून मुली धसमुसळ्या होतील ही भीती तिकडेही होती. शिबिरातल्या रात्रीबद्दल आमच्या फाटकाशी उभ्या असलेल्या वडिलांना जे वाटायचे, तेच तिथल्या सभ्य कुटुंबांनाही वाटत होते. बेडन-पॉवेल यांनी मधला मार्ग काढला. मुलींची संघटना वेगळी, तिचे नाव वेगळे आणि धुरा त्यांच्या बहिणीकडे, अ‍ॅग्नेस यांच्याकडे. १९१० साली ‘गर्ल गाईड्स’ उभी राहिली.

हे ‘गाईड’ नाव आपल्याच उपखंडातून गेलेले आहे, हे मला फार उशिरा कळले. १८४६ साली हॅरी लम्सडेन याने पेशावरला ‘कोअर ऑफ गाईड्स’ नावाचे पथक उभारले. त्याचे ठाणे पुढे मर्दानला होते, आणि खाकी गणवेशाची सुरुवातही याच पथकापासून मानतात. तरुणपणी हिंदुस्थानात फौजेत राहिलेल्या बेडन-पॉवेल यांच्या मनात या पथकाच्या शौर्याच्या कथा ठसल्या होत्या. तेव्हा सरहद्दीवरच्या पठाण, शीख, गुरखा शिपायांचे नाव लंडनच्या शाळकरी मुलींना मिळाले. नाव शिपायांचे आणि तुकड्यांची नावे मात्र फुलांची! मुलग्यांच्या तुकड्या लांडगे, कोल्हे, ससाणे. मुलींच्या गुलाब आणि लिली. सर्वांत लहान मुलींचा गट १९१४ मध्ये सुरू झाला, त्याचे नाव होते ‘रोझबड्स’, म्हणजे गुलाबकळ्या. ते मुलींना मुळीच आवडले नाही आणि वर्षभरात बदलून ‘ब्राउनी’ करावे लागले. एका लोकप्रिय बालकथेतले, घरची कामे गुपचूप उरकणारे ते बुटके. हिंदुस्थानात याच वयाच्या मुलींना ‘ब्ल्यूबर्ड’ म्हणत, आणि आज आपण त्यांना बुलबुल म्हणतो. पाखरू व्हायला कोणाची हरकत नसावी. कळी व्हायला होती.

अ‍ॅग्नेस आणि रॉबर्ट यांचे मुलींसाठीचे पुस्तक १९१२ साली निघाले. मुलींनी साम्राज्याच्या उभारणीला कसा हातभार लावावा, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आज वाचताना अवघडल्यासारखे होते. पण पाने उलटताना गंमत दिसते. एकीकडे रुग्णसेवा, बालसंगोपन, स्वयंपाक. आणि दुसरीकडे अवघ्या आठ इंच दोरीने घरात शिरलेल्या चोराला कसे जखडावे याची कृती. बॅजांची यादीही अशीच मिश्र आहे. परिचारिका आणि स्वयंपाकी यांच्याबरोबर सायकलस्वार आहे, तारायंत्र चालवणारी आहे आणि वीजतंत्रीही आहे. काळजीने धास्तावलेल्या पालकांना पहिली पाने दाखवायची आणि मुलींनी पुढची वाचायची, अशी ही योजना होती की काय, असे मला वाटत आले आहे.

बॅज ही वरवर खेळण्यासारखी वस्तू, पण तिच्यामागचा विचार शाळेच्या बक्षिसाहून मुळातच वेगळा आहे. शाळेत पहिला नंबर एकीचा; बाकीच्या चाळीस जणींनी टाळ्या वाजवायच्या. बॅजला नंबर नाही. काम करून दाखवले, बाहेरच्या परीक्षकाने तपासले, की बॅज बाहीवर. बेडन-पॉवेल तर म्हणत, की ठरलेली पातळी गाठली की नाही यापेक्षा मुलाने किती प्रयत्न केला ते पाहा. आमच्या वर्गातली गणितात काठावर पास होणारी मुलगी रात्री पावसात तंबूचा दोर सैल करायला आपणहून उठायची, ती गोष्ट प्रगतिपुस्तकात कुठल्या रकान्यात लिहायची? ती लिहायला जागा होती ती बाहीवर.

विश्वासाची खरी परीक्षा पहिल्या महायुद्धात झाली. ब्रिटिश हेरखात्याला, म्हणजे पुढे एमआय-५ या नावाने गाजलेल्या विभागाला, कचेरीत गुप्त कागद इकडून तिकडे पोचवायला निरोपे हवे होते. आधी बॉय स्काउट घेतले. काम नसले की ते दंगा करत आणि त्यांच्या तोंडाला खळ नसे. मग त्यांच्या जागी गर्ल गाईड आणल्या. चौदा ते सोळा वर्षांच्या मुली. आठवड्याला दहा शिलिंग पगार, शिवाय दुपारचे जेवण आणि चहा. अट एकच: हातातले कागद वाचायचे नाहीत. त्यासाठी पहारेकरी नव्हता, ‘गाईडची शपथ’ होती. युद्ध संपल्यावर शांतता परिषदेच्या कामासाठी पॅरिसला जे ब्रिटिश पथक गेले, त्यातही निरोप्या म्हणून काही गाईड होत्या. दहा वर्षांपूर्वी क्रिस्टल पॅलेसमध्ये ज्यांना पाहून लोकांच्या भुवया उंचावल्या होत्या, त्याच मुलींच्या हाती आता राज्याची गुपिते होती.

आता आपल्याकडचे पाहू. १९११ साली जबलपूरला हिंदुस्थानातली पहिली गाईड कंपनी निघाली. मर्दानचे नाव लंडनला जाऊन परत आले खरे, पण ते फक्त युरोपीय वंशाच्या मुलींसाठी. ज्यांच्या भावाबंदांच्या पथकावरून नाव घेतले, त्या देशाच्या मुलींना मज्जाव. मुलग्यांच्या बाबतीतही तेच झाले होते, म्हणून अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासेत आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादेत स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. मुलींसाठीचे दारही पुढच्या काही वर्षांत उघडले. याच काळात, १९१६ साली, पुण्यात धोंडो केशव कर्वे यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. मुलीला शिकवावे हे पटवतानाच इथल्या लोकांची दमछाक होत होती. तिला तंबूत झोपवावे हे कुणाला पटवायचे?

या इतिहासातला मला सर्वांत जिव्हारी लागणारा प्रसंग १९३७चा आहे. अखिल भारतीय मेळाव्यासाठी बेडन-पॉवेल दिल्लीला आले होते. भारतीयांच्या भाषेत ‘ऑनर’ या अर्थाचा शब्दच नाही, अशा आशयाचे त्यांचे मत प्रसिद्ध झाले आणि देशभर संताप उसळला. १९३८ साली ‘हिंदुस्थान स्काउट असोसिएशन’ स्थापन झाली ती या रागातूनच. राग रास्तच होता. एक मराठीच घ्या: मान, इभ्रत, प्रतिष्ठा, इमान, पत, शब्द, बूज. किती सांगावे? पण गाईड कॅप्टन म्हणून काढलेल्या वर्षांमुळे मला त्या वादात आणखी एक गोष्ट दिसते. या शब्दांतले इमान, पत आणि शब्द हे आपण पुरुषांना दिले. ‘शब्दाचा पक्का’ असे आपण म्हणतो. ‘शब्दाची पक्की’ असे किती वेळा ऐकतो? मुलीच्या वाट्याला आली ती अब्रू, आणि तीही सांभाळायची वस्तू म्हणून. ती जाते, राहते, झाकली जाते. पण मुलगी ती कमावते असे कुणी म्हणत नाही. बेडन-पॉवेल चुकले होते. आपल्याकडे शब्द भरपूर होते, फक्त त्यांची वाटणी झालेली होती.

स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी वेगवेगळ्या स्काउट संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाईड्स’ झाली, आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड्सही तिच्यात आल्या. अनेक देशांत मुलामुलींच्या संघटना वेगळ्या राहिल्या, आपल्याकडे एकच छत्र. मुलींची चढणही पायरीपायरीने आखली गेली. बुलबुलला कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख, हीरक पंख. गाईडला प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार. आमच्या मुलींना ही नावे पाढ्यांसारखी पाठ असत.

पण एकच छत्र म्हटले म्हणून सावली सारखी पडते असे नाही. मी स्वतः बारा वर्षांची असताना आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात स्काउटांना बॅज दिले ते व्यासपीठावर, पाहुण्यांच्या हस्ते. आम्ही गाईड तेव्हा गुलाबपाणी आणि कुंकवाचे तबक घेऊन दारात उभ्या होतो. आमचे बॅज सोमवारी वर्गात हजेरीच्या वेळी वाटले गेले. शाळेचे नाव सांगत नाही. त्या काळी कुठल्याही शाळेत हेच घडले असते. मी कॅप्टन झाल्यावर पहिली गोष्ट केली ती ही, की स्वागताचे तबक स्काउटांच्या हाती दिले. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिले, बोलले काही नाही.

पुण्याचा आणि या चळवळीचा एक अभिमानाचा दुवा आळंदी रस्त्यावर आहे. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी ऑलेव्ह बेडन-पॉवेल यांच्या हस्ते तिथे ‘संगम’ या जागतिक केंद्राचे उद्घाटन झाले. स्वित्झर्लंड, लंडन आणि मेक्सिको यांच्यानंतरचे हे चौथे केंद्र. मुळा-मुठेच्या गावात हे नाव किती सहज बसले! अनेक पालकांचा विरोध मावळायचा तो ‘संगम’चे नाव ऐकून. परदेशच्या मुली एवढ्या लांबून इथे येऊन राहतात म्हटल्यावर विश्रांतवाडीपर्यंत जायला काय हरकत, असे त्यांना वाटे.

एका गोधडीबद्दल सांगितल्याशिवाय मला हा लेख संपवता येणार नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपान्यांच्या हाती पडले आणि युरोपीय बायकामुलांना चांगीच्या तुरुंगात कोंडले. तिथे एलिझाबेथ एनिस या परिचारिकेने आठ ते सोळा वर्षांच्या वीसेक मुलींची गाईड कंपनी सुरू केली. आठवड्यातून एकदा तुरुंगाच्या अंगणाच्या कोपऱ्यात बैठक. मुलींनी कॅप्टनच्या वाढदिवसासाठी तिच्या नकळत एक गोधडी शिवायला घेतली. जुन्या कपड्यांच्या चिंध्यांचे षट्कोनी तुकडे, विटलेल्या कापडातून उसवून काढलेला दोरा, आणि त्यावर प्रत्येकीने भरलेले स्वतःचे नाव. ती गोधडी आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. तिथे या मुलींना बॅज द्यायला बाहेरचा कुणी परीक्षक येणार नव्हता. त्यांनी आपापली नावे स्वतःच टाचून ठेवली.

आता पुन्हा फाटकाशी. एका वर्षी असेच एक रिक्षावाले वडील आले होते, मुक्कामाला साफ नाही म्हणून. मी म्हटले, ठीक आहे, शिबिराला नका पाठवू, पण पाथफाइंडरचा बॅज तरी तिला करू द्या. त्या बॅजसाठी आपल्या भागातल्या वाटा, दवाखाने, पोलीस चौकी, अग्निशमन केंद्र, बसथांबे माहीत असावे लागतात आणि अनोळखी माणसाला रस्ता नीट सांगता यावा लागतो. ते हसले. "रस्ते? ते मीच शिकवतो की तिला." पोरीने महिनाभर आईबरोबर पायी फिरून भागाचा नकाशा काढला. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो घेऊन दोघेही शाळेत आले. वडिलांचे म्हणणे, देवळामागची गल्ली हमरस्त्याला मिळते, हिने ती मध्येच तोडली आहे. वीस वर्षे रिक्षा चालवतोय, मला माहीत नाही का? मुलगी खाली पाहून म्हणाली, "बाबा, तिथं भिंत घातलीय." ते काही न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, प्रार्थनेच्या आधी, रिक्षा फाटकाशी लागली. त्यांनी मला हाक मारली. "बाई," ते म्हणाले, "आहे भिंत." आणि खिशातून घडी घातलेले संमतिपत्र काढले.