श्रावित आणि निबद्ध : लहान संस्थांच्या हिशेबसाधनांच्या निवडीचा इतिहास

१

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, घोडेगावच्या पश्चिमेस भीमाशंकरकडे जाणाऱ्या वाटेवर, घोड नदीच्या खोऱ्यात शिनोली हे गाव आहे. या टापूतील शेतकऱ्याचा व्यवहार आज सामान्यतः चार ठिकाणी लिहिला जातो. पीककर्ज विकास सोसायटीत, दूध संकलन केंद्रावर, बाजारात नेलेला माल मंचर किंवा नारायणगाव येथील अडत्याकडे आणि जमीन तलाठ्याच्या दप्तरी. या चारही ठिकाणी एके काळी केवळ वह्या होत्या. आता त्यांची जागा संगणकाने घेतली आहे किंवा तो घेऊ लागला आहे. लहान व मध्यम आकाराच्या संस्थेने व्यवहारासाठी कोणती संगणक-आज्ञावली, म्हणजे रूढ शब्दांत कोणते सॉफ्टवेअर, निवडावे हा प्रश्न त्यामुळे शहरातील कंपन्यांपुरता राहिलेला नाही.

या प्रश्नाची चर्चा बहुधा किंमत, वेग व सोय यांच्या अंगाने होते. त्याला एक इतिहास आहे, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. हिशेबाचे साधन बदलण्याची वेळ या प्रदेशावर पूर्वीही अनेकदा आली. आणि प्रत्येक वेळी साधनाबरोबर हिशेब वाचणाराही बदलला. या बदलाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

जुन्नर परिसरातील लेण्यांचे कोरीव लेख हे या विषयाचे प्राचीनतम साधन होय. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीने दिलेल्या लेण्याचा उल्लेख त्यांत आहे. तसेच वेळूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेवून तिच्या उत्पन्नातून धर्मकार्य चालविल्याचेही उल्लेख आहेत. श्रेणी ही त्या काळची लहान व्यवसायसंस्थाच होती. ती ठेव स्वीकारी, व्याज देई आणि पिढ्यान्‌पिढ्या उत्तरदायी राही.

या ठेवींची नोंद कशी होत असे, हे नाशिकच्या लेण्यांतील एका लेखावरून कळते. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने ४२ व्या वर्षी ३,००० कार्षापणांची अक्षयनीवी केली. त्यांपैकी २,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या दराने आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण या दराने ठेवले. याच नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा ४६ व्या वर्षाचा लेख जुन्नर येथे आहे. तेव्हा ही व्यवस्था जुन्नरच्या परिसराला परकी नव्हती असे मानण्यास हरकत नाही.

नाशिकच्या लेखात या व्यवहाराविषयी दोन क्रिया सांगितल्या आहेत. तो निगमसभेत ‘श्रावित’ केला, म्हणजे ऐकविला; आणि नोंदींच्या कचेरीत ‘निबद्ध’ केला, म्हणजे लिहून पक्का केला. हा क्रम लक्षणीय आहे. ज्यांचा त्या व्यवहाराशी संबंध होता त्यांच्या कानी तो आधी पडला. दप्तरात तो नंतर गेला. निबंधनाने नोंद टिकते, श्रावणाने तिला साक्षीदार मिळतात. पुढील दोन सहस्र वर्षांच्या हिशेबपद्धती या दोन कसोट्यांवर पारखून पाहता येतात.

३

मध्ययुगात निबंधनाची कला पुष्कळ वाढली. परंपरा मोडी लिपीचा संबंध यादवांचा करणाधिप हेमाद्रीशी जोडते. ती परंपरा बाजूस ठेवली तरी, हात न उचलता भरभर लिहिता येणारी ही लिपी शतकानुशतके मराठी कारभाराचे मुख्य साधन होती, याबद्दल वाद नाही. गावचा हिशेब कुलकर्णी ठेवी, परगण्याचा देशपांडे; आणि कमाविसदाराचे कागद पुण्यास हुजूर दफ्तरात जात. एकाच वसुलाच्या नोंदी निरनिराळ्या हातांनी होत असल्यामुळे त्यांचा परस्परांशी ताळा घेता येई. ही व्यवस्था उत्तम होती. परंतु ती लेखकांनी लेखकांसाठी उभारलेली होती. पाटलासह बहुतेक गाव कुलकर्ण्याच्या वाचनावर अवलंबून असे.

परिभाषेचा प्रश्नही याच काळात उपस्थित झाला. शिवनेरीवर जन्मलेल्या शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला. त्यात फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले असून लेखन आणि पण्य या विषयांसाठी स्वतंत्र वर्ग आहेत. राज्यकारभारातील पदनामे या प्रयत्नाने बदलली. हिशेबाचे शब्द मात्र फारसे बदलले नाहीत. जमा, खर्च, बाकी, वसूल, हवाला, तेरीज, कीर्द हे मूळचे फारसी-अरबी शब्द पेशवाईच्या अखेरपर्यंत चालले आणि आजही चालतात. याचे कारण उघड आहे. पदनाम आज्ञेने बदलता येते. हिशेबाचा शब्द देणारा आणि घेणारा या दोघांच्याही तोंडी असावा लागतो आणि एकाने सोडला तरी दुसरा तो सोडीत नाही.

४

निबंधन सुटे आणि श्रावण संपूर्ण नाहीसे झाले म्हणजे काय होते, याचे उदाहरण १८७५ साली घडले. इंग्रजी अमलात दिवाणी न्यायालये आली आणि खतावरील अंगठ्याला पूर्वी कधी नव्हती इतकी शक्ती आली. कागदात जे लिहिले ते खरे, मग ते लिहून देणाऱ्यास वाचता येवो वा न येवो. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठावास आरंभ झाला; पुढे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत, आंबेगावच्या शेजारच्या शिरूर भागातही, तो पसरला. उठावकऱ्यांचा रोख प्रामुख्याने सावकाराच्या खतांवर व वह्यांवर होता. कागद हवाली केले तेथे हिंसा सामान्यतः झाली नाही. कागद जाळले गेले. वाचता न येणाऱ्या हिशेबाला त्या लोकांनी दिलेले ते उत्तर होते.

चौकशी आयोगानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या व्याजविषयक तरतुदींची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे महत्त्वाच्या तरतुदी निराळ्या आहेत. शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर व्हावेत. भरलेल्या रकमेची लेखी पावती मागण्याचा त्यास अधिकार असावा. आणि सावकाराने वर्षाचा हिशेब लिहून द्यावा. म्हणजे केवळ खतावणी असून भागत नाही, तिचा उतारा ऋणकोच्या हाती पडला पाहिजे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. चार वर्षांनी, १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जोतीराव फुले यांनी शेतकऱ्याच्या निरक्षरतेचा कागदोपत्री कसा फायदा घेतला जातो हे तपशिलाने मांडले. कायद्याने उतारा दिला, तरी वाचण्याची शक्ती दिली नव्हती, हे त्यावरून ध्यानी येते.

५

सहकारी पतसंस्थांचा १९०४ चा कायदा हा याच प्रश्नाचा पुढचा टप्पा होय. येथे ऋणको स्वतःच संस्थेचा धनी झाला. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याच्या ३२ व्या कलमाने सभासदास संस्थेची पुस्तके पाहण्याचा हक्क दिला, तर ८१ व्या कलमाने लेखापरीक्षणाची तरतूद केली. वार्षिक सर्वसाधारण सभेत ताळेबंद वाचून दाखविण्याची प्रथा रुळली. निगमसभेतील श्रावण एका अर्थी गावच्या चावडीवर परत आले.

सोसायटीचा गटसचिव रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद या जुन्याच नावांची पुस्तके आता बाळबोध लिपीत लिहू लागला. या परिभाषेचा एक विशेष नोंदण्याजोगा आहे. देशी पद्धतीत रक्कम कोणाच्या तरी ‘नावे’ टाकली जाते किंवा कोणाची तरी ‘जमा’ होते. तेथे ‘नावे’ या शब्दातच माणूस आहे. इंग्रजी वळणाचे ‘डेबिट’ आणि ‘क्रेडिट’ हे शब्द मराठी वाचकापुरते केवळ रकान्याच्या बाजू दाखवितात. शिवाय देशी वहीत जमेची बाजू डावी आणि नावेची उजवी. इंग्रजी पद्धतीत नेमके उलट. भाषांतर करताना शब्द बदलला आणि बाजूही बदलली. जुन्या सभासदांना छापील खातेउतारा परका वाटतो त्याचे एक कारण येथे सापडते.

६

संगणक लहान व्यापाऱ्याच्या पेढीवर येऊ लागला तो विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. १९८६ साली बंगळूर येथे श्यामसुंदर गोयंका व भारत गोयंका या पितापुत्रांनी आरंभ केलेल्या उद्योगातून ‘टॅली’ हे सॉफ्टवेअर पुढे आले. ते पसरले याचे मोठे कारण असे की, मुनीमजींना परिचित असलेली खातेवहीची रीत त्याने फारशी मोडली नाही. भारतीय भाषांची सोय त्यात २००६ साली झाली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला, विवरणपत्रे संगणकावरूनच भरावी लागली, आणि ज्यांनी तोवर वही सोडली नव्हती अशा अनेकांना ती सोडणे भाग पडले. निवड स्वेच्छेची न राहता वेळेची झाली.

या घाईत दोन गोष्टी नजरेआड झाल्या. पहिली लिपीसंकेताची. देवनागरीसाठी ‘इस्की’ हा भारतीय मानक संकेत १९९१ साली निश्चित झाला आणि त्याच वर्षी युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. तरीही पुढे बराच काळ मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांच्या खाजगी संकेतांत टंकित होत राहिला. असा मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसतो. मोडी वाचणारे विरळ झाल्यावर जुनी दप्तरे जशी मुकी झाली, तशाच या नोंदीही. फरक इतकाच की मोडीला त्यासाठी पिढ्या लागल्या आणि येथे काही वर्षे पुरली.

दुसरी गोष्ट खाडाखोडीची. वहीत चूक झाली तर ती एका रेघेने खोडून वर स्वाक्षरी करावी, पान फाडू नये, असा लेखनिकांचा दंडक असे. संगणकावरील नोंद मागमूस न ठेवता बदलता येते. कंपन्यांनी प्रत्येक बदलाचा माग ठेवणारेच हिशेबी सॉफ्टवेअर वापरावे, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. जुन्या दंडकाचेच ते नवे रूप होय. सहकारी संस्था कंपनी कायद्याखाली येत नाही. परंतु त्यामुळे ही कसोटी तिला कमी लागू पडते असे नाही.

७

गावच्या सोसायटीपुरते बोलावयाचे तर निवडीचा प्रश्न अलीकडे निराळ्याच वळणावर आला आहे. वैद्यनाथन समितीच्या शिफारशींनंतर प्राथमिक कृषी पतसंस्थांसाठी समान हिशेबपद्धती आखली गेली. २९ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने अशा ६३,००० संस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांच्या तरतुदीसह मान्यता दिली. नाबार्डच्या देखरेखीखाली सर्व संस्थांसाठी एकच राष्ट्रीय सॉफ्टवेअर असावे, ही या योजनेची कल्पना. जानेवारी २०२३ च्या आदर्श उपविधींनी संस्थेस पंचवीसहून अधिक व्यवसाय मोकळे केले. त्यामुळे खत, बियाणे, गोदाम व कर्ज यांचा हिशेब एकत्र ठेवणारे साधन तिला आवश्यकच झाले. तोवर निरनिराळ्या संस्थांची निरनिराळी आणि जिल्हा बँकेशी न जुळणारी साधने होती, हे पाहता एकसूत्रतेचा लाभ नाकारता येणार नाही.

निबंधनाची बाजू अशा रीतीने पक्की झाली. श्रावणाची बाजू कशी सांभाळता येते, याचे उदाहरण त्याच्या थोडेच आधी घडले होते. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेचा निर्णय २७ डिसेंबर २०१९ रोजी झाला. तीत खात्यांची माहिती संगणकावर भरली गेली. परंतु तेवढ्यावर रक्कम मान्य धरली गेली नाही. विशिष्ट क्रमांकांसह याद्या गावात व बँकेच्या शाखेत लावण्यात आल्या, शेतकऱ्याने आधार प्रमाणीकरणाच्या वेळी आपल्या कर्जाची रक्कम पाहून मान्यता द्यावी, आणि ती अमान्य असल्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जावे, अशी रीत ठरली. प्रमाणीकरणाच्या या पायरीत निगमसभेतील क्रियेचा धागा ओळखता येतो. ती पायरी यंत्राच्या अंगभूत गुणातून आलेली नव्हती. कोणीतरी ती आवश्यक मानली म्हणून ती योजनेत आली.

८

या आढाव्यातून निष्पन्न होणारा निष्कर्ष मर्यादित, पण स्पष्ट आहे. हिशेबसाधनांच्या इतिहासात निबंधनाची प्रगती अखंड दिसते. शिलालेखापासून मोडीपर्यंत आणि मोडीपासून संगणकापर्यंत नोंद अधिकाधिक जलद व विस्तृत होत गेली. श्रावणाला असा स्वाभाविक ओघ नाही. ते प्रत्येक वेळी नव्याने, कधी प्रथेने, कधी उठावाने, कधी कायद्याने मिळवावे लागले. म्हणून साधन निवडणाऱ्या संस्थेने, ती सोसायटी असो, दूध संकलन केंद्र असो की दहा कामगारांचा कारखाना असो, किंमत आणि वेग यांच्या आधी काही साधे प्रश्न विचारावेत. ज्याच्या नावे रक्कम पडते त्याला ती त्याच्या भाषेत आणि त्याच्या शब्दांत कळेल काय? नोंद बदलली तर बदलाची खूण राहील काय? मराठी मजकूर प्रमाण संकेतात आहे काय, आणि विक्रेता बदलला तर सगळी माहिती संस्थेला परत मिळेल काय? चालविणारा माणूस बदलला तरी हिशेब बोलता राहील काय?

जेथे साधनाची निवड वरूनच झालेली आहे, तेथेही यांतील पहिला प्रश्न गावच्या हाती उरतो. राष्ट्रीय सॉफ्टवेअरमधून सभासदाचा उतारा मराठीत काढणे, तो फलकावर लावणे आणि सर्वसाधारण सभेत वाचून दाखविणे यास कोणाचीही परवानगी लागत नाही. शिनोलीसारख्या गावात हे होते की नाही, यावर तेथील हिशेब सभासदांचा आहे की केवळ दप्तराचा, हे ठरेल.